सकाळपासून उभी असलेली खुर्ची

फोन आला तेव्हा मी दाराला बिजागरी लावत होतो. दार बायको बसवत असलेल्या मुलांच्या नाटकातलं होतं. पोस्टमनने कडी वाजवली की ते कडीच्या बाजूने न उघडता बिजागरीच्या बाजूने उघडायचं, म्हणजे पोस्टमन दरवेळी दारामागे चेपला जायचा. असं उलटं दार करणं सोपं नसतं. दोन दिवसांपूर्वीच बायकोने घरी विचारलं होतं, की दार या जन्मात मिळणार आहे का, पोरं हवेत टकटक करून कंटाळली आहेत.

म्हणून नाटकांना गाणी करून देणाऱ्या गाण्याच्या बाई फोनवर "लगेच हॉलवर या" म्हणाल्या, तेव्हा मला वाटलं, दाराची घाई आहे. शेवटचे दोन स्क्रू मारले, दार दुकानाच्या टेम्पोत घातलं आणि निघालो. तालमीचा हॉल वाचनालयाच्या वर आहे. जिना अरुंद. दार उभं-आडवं करत वर नेलं. चौदा मुलं भिंतीला टेकून ओळीत बसली होती, कोणी बोलत नव्हतं. मी म्हणालो, "आज एवढी शिस्त कशी काय?"

एक मुलगी रडायला लागली. गाण्याच्या बाई पुढे आल्या आणि म्हणाल्या, दार ठेवा आधी. मी विचारलं, कुठे ठेवू? तेव्हाही मला कळलं नव्हतं.

बदक कसं चालतं ते बायको मुलांना करून दाखवत होती. चालता चालता खाली बसली. मुलांना वाटलं, हाही बदकाचाच भाग आहे. मुलं हसली. ती उठली नाही. अर्ध्या तासापूर्वी तिला हॉस्पिटलमध्ये नेलं होतं. मी तिथे पोचलो तोवर डॉक्टरांचं काम संपलेलं होतं. मेंदूत रक्तस्राव झाला, असं त्यांनी सांगितलं. ती बावन्न वर्षांची होती.

मी सुतार आहे. लिहिणं हे माझं काम नाही. पण एक गोष्ट माझ्या हातून चुकली आणि ती कुठेतरी नीट सांगून ठेवायला हवी.

बायको एकवीस वर्षं मुलांची नाटकं बसवत होती. विनोदीच. रडवायला शाळा पुरेशी आहे, असं ती म्हणायची. दरवर्षी सुट्टी लागली की ती ढीगभर नाटकं घरी आणायची. वाचून झालेली बाद नाटकं फ्रिजवर आणि जमतील अशी शिलाई मशीनवर. फ्रिजवरचा ढीग नेहमी उंच असायचा. एखाद्या नाटकात जाड्या मुलाला किंवा अडखळत बोलणाऱ्याला हसलेलं असलं, की ते फ्रिजवर. एकालाच सगळे विनोद आणि बाकीची मुलं झाडं म्हणून उभी असली, तरी फ्रिजवर. प्रत्येक मुलाच्या वाट्याला एक तरी हशा आला पाहिजे, हा तिचा हिशेब. तो हशा छोटा असला तरी चालेल, पण त्याचा स्वतःचा हवा. आणि कोणी पडायचं असेल, तर जो पडला त्याने आधी हसायचं, मग बाकीच्यांनी. नाहीतर पडायचंच नाही.

बसवतानाही तिच्या रीती होत्या. लोक हसले की मुलं घाईने पुढचं वाक्य बोलतात आणि ते हशात बुडतं. म्हणून तिने मुलांना शिकवलं होतं, की हशा आला की बुटातल्या अंगठ्याने तीन मोजायचे आणि मग बोलायचं. बाहेरून कोणाला दिसत नाही. पहिल्या रांगेत बसलो की मला मात्र बुटांची टोकं हलताना दिसायची.

आणि तिची आणखी एक रीत होती. ती मी होतो.

पहिल्याच वर्षी तिने मला एक नाटक वाचून दाखवलं. एक कारकून रजेचा अर्ज लिहितो आणि त्यातल्या चुकांमुळे त्यालाच कामावरून काढतात, असं काहीतरी. मी हसून हसून बेजार झालो, डोळ्यांतून पाणी आलं. तेवढ्यावर तिने ते बसवलं. प्रयोगाला बघायला आलेली मुलं ढिम्म. मागच्या रांगांतले बाप तेवढे गुडघ्यावर थापा मारत होते. घरी आल्यावर तिने चप्पल काढता काढता जाहीर केलं, "यापुढे तुम्ही हसलात की ते नाटक बाद."

तेव्हापासून मी तिची चाळणी झालो. ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून वाचायची, एक डोळा वहीवर, एक माझ्यावर. मी हसलो की नाटक फ्रिजवर. माझा चेहरा मुळातच फळीसारखा आहे. मुलं मला पाठीमागे ढिम्मकाका म्हणतात, ते मला माहीत आहे. ती म्हणायची, तुमच्या चेहऱ्याला एकदा रंधा मारून घेतला पाहिजे. पण फळीलाही हसू येतं. हळूहळू मी एक लबाडी शिकलो. एखादं नाटक मला आवडलं, मुलांनाही आवडेल असं वाटलं, की मी हसू दाबायचो. गालाचं आतलं मांस दातात धरायचं आणि कपाटाला किती फळ्या लागतील ते मनात मोजायचं. अशी चार-पाच नाटकं मी पार करून दिली आहेत. ती चांगली चालली. तिला कधी कळलं नाही, असं मी धरून चाललो होतो.

गेल्या सुट्टीत एका रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर ती एक नाटक वाचायला बसली. सुटे कागद होते, हाताने लिहिलेले. पुस्तक परत करायचं होतं म्हणून उतरवून घेतलं, असं म्हणाली. मी मान हलवली. एकवीस वर्षांत तिने कधी नाटक उतरवून घेतलं नव्हतं, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं.

नाटकात एक मिशीवाला सुतार होता. तो कधी हसत नाही. हसू आलं की आत गिळतो. मग ते हसू त्याच्या हातात उतरतं आणि हातातून लाकडात जातं. त्यामुळे त्याने केलेलं टेबल फडकं मारलं की खिदळतं आणि पलंग कूस बदलली की फिस्कन हसतो. पहिला प्रवेश हा. दुसऱ्या प्रवेशात एका ऑफिसातले मोठे साहेब त्याच्याकडून खुर्ची घेतात. साहेब बसले की खुर्चीला गुदगुल्या होतात. साहेब तिला शिस्तीचे चार शब्द सुनावतात. तेव्हा खुर्ची म्हणते, "मी सकाळपासून उभी आहे. चार पाय आहेत म्हणून काय झालं? मला कोणी बस म्हणालं का?"

साहेब सभ्य माणूस. ते ओशाळतात, उठतात आणि म्हणतात, "बसा." खुर्ची इकडेतिकडे बघते. बसायला दुसरं काहीच नसतं. मग साहेब जमिनीवर मांडी घालतात आणि ती त्यांच्याच मांडीवर बसते. साहेब म्हणतात, "जरा सरकून बसा."

मी तीस वर्षं खुर्च्या करतो आहे. खुर्ची उभी असते, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. मला हसू आवरेना. फळ्या मोजून काही होईना. हे नाटक मुलांपर्यंत गेलंच पाहिजे, ते फ्रिजवर जाता कामा नये, एवढंच मनात होतं. पाणी पितो म्हणून उठलो, बाथरूममध्ये गेलो, नळ सोडला आणि तोंडात टॉवेल कोंबून हसलो. तोंड धुऊन परत आलो तेव्हा चेहरा पुन्हा फळीसारखा होता.

ती कागद हातात धरून बसली होती. विचारलं, काय वाटलं? मी म्हणालो, "ठीक आहे. चालेल मुलांना."

"बाकी काही नाही?"

"नाही."

पुढचं पुन्हा कधीतरी वाचू, असं म्हणून तिने कागद जुळवले. ते तिने फ्रिजवरही ठेवले नाहीत आणि मशीनवरही ठेवले नाहीत. मी त्याबद्दल विचारलं नाही. आठवडाभराने तिने पोस्टमन आणि बदकाचं नाटक घेतलं. मला वाटलं, तिला ते जास्त पसंत पडलं असेल. मी दाराच्या मागे लागलो.

ती गेल्यावर महिन्याभराने गाण्याच्या बाई घरी आल्या. हॉलवरच्या कपाटात तिची फाईल होती, ती द्यायला. फाईलमध्ये तेच कागद होते. मी म्हणालो, हे नाटक चांगलं आहे, पुस्तक मिळालं तर बघा, शेवट मी ऐकला नाही.

बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "पुस्तक कुठलं? हे त्यांनी लिहिलंय. तुमच्यावर."

त्या सुताराला मिशा होत्या आणि मला नाहीत. एवढ्यावरून मी फसलो होतो.

बाईंनी मग सगळं सांगितलं. एकवीस वर्षं दुसऱ्यांची नाटकं निवडल्यावर तिने हे पहिलं स्वतःचं लिहायला घेतलं होतं. बाईंना सोडून कोणाला सांगितलं नव्हतं. दोन प्रवेश झाल्यावर ती थांबली होती. कारण शेवटी सुताराला हसवायचं होतं आणि तो कशाने हसेल ते तिला ठरवता येत नव्हतं. बाईंना ती म्हणाली होती, की घरी वाचून बघते, हे जिथे हसतील तिथून शेवट उचलते. या वेळी नियम उलटा आहे, पण तो त्यांना सांगायचा नाही, सांगितलं तर ते मुद्दाम हसतील.

"मग सोमवारी हॉलवर आल्या," बाई म्हणाल्या. "मी विचारलं, काय झालं? तर म्हणाल्या, नाही हसले हो. एकदासुद्धा नाही. मग फाईल कपाटात टाकली."

मी म्हणालो, "मी हसलो होतो."

"कधी?"

"तेव्हाच. आत जाऊन. नळ सोडून."

बाईंनी फाईल मिटली. त्या तशा फटकळ आहेत, मुलं त्यांना टरकून असतात. त्या वेळी मात्र त्यांनी हळू आवाजात विचारलं, "का, पण?"

नाटक बाद होऊ नये म्हणून, मी म्हणालो. हे बोलताना मला माझीच लाज वाटली. बाईंनी फाईल टेबलावर माझ्याकडे सरकवली आणि निघताना एवढंच म्हणाल्या, की पोस्टमनचं नाटक पुन्हा करायला मुलं तयार नाहीत. बदकाचं नाव काढलं की गप्प होतात. तेव्हा हे बसवायचं का, ते तुम्ही ठरवा.

मी ठरवलं. गेले चार महिने मी दर शनिवारी-रविवारी हॉलवर जातो. हशे कसे वाटून द्यायचे ते मी तिच्याकडे बघून थोडंफार शिकलो होतो. साहेबांच्या ऑफिसात आम्ही शिपाई वाढवले, टेबलं दोन केली. चौदाही मुलांच्या वाट्याला काही ना काही आलं आहे. खुर्ची म्हणजे चष्मा लावणारी एक मुलगी आहे, तिच्या पाठीला बांधायची हलकी चौकट मी केली. ती "मी सकाळपासून उभी आहे" म्हणते तेव्हा बाकीची मुलं तालमीतही हसतात आणि ती अंगठ्याने तीन मोजते. हे मी तिला शिकवलेलं नाही, आधीचंच आहे.

अडलं आहे ते तिसऱ्या प्रवेशापाशी. त्याचं एकच पान आहे. वर तिच्या अक्षरात लिहिलं आहे: सुताराचं दुकान. साहेब आणि खुर्ची तक्रार घेऊन येतात. सुतार ऐकून घेतो आणि... त्याच्या पुढे काही नाही.

मी एक शेवट लिहिला. त्यात सुतार माफी मागतो आणि खुर्ची दुरुस्त करून देतो. मुलांनी तो ऐकला आणि "छान आहे, काका" म्हणाली. पाहुण्यांकडे न आवडलेलं काही खाताना म्हणतात तसं. गाण्याच्या बाईंनी गाणं रचलं, पण त्या स्वतःच म्हणाल्या, की हे सगळं झाकायला गाणं घातल्यासारखं होतंय. मुलांचं म्हणणं, सुतार डिंकात घसरून पडू दे. पण पडणाऱ्याने आधी हसायचं हा नियम, आणि हा तर हसतच नाही. मग मुलांनीच ते सोडून दिलं.

गेल्या रविवारी सुताराचं काम करणाऱ्या मुलाने मला सरळ विचारलं, "काका, तुम्ही कुठे हसला होतात?" बाईंनी मुलांना सांगितलेलं दिसतं. मी सांगितलं, "जरा सरकून बसा" इथे. तो म्हणाला, मग सोपं आहे, मीही तिथेच हसतो. आम्ही करून बघितलं. साहेब आणि खुर्ची दुकानात आले, खुर्ची पुन्हा साहेबांच्या मांडीवर बसली, साहेब "जरा सरकून बसा" म्हणाले आणि सुतार हसला. चांगला हसला, पोट धरून. मग सगळी मुलं माझ्याकडे बघत उभी राहिली. सुतार हसला, पुढे काय? खुर्ची आता हसायची थांबते का? सुतार तिला काय म्हणतो? साहेब कशावर बसतात? हसलो कुठे ते मला माहीत आहे. तिथून पुढे काय, ते तिला माहीत झालं असतं.

त्या दुपारी मी नळ सोडला नसता, तर ती संध्याकाळपर्यंत लिहून मोकळी झाली असती. तिचा लिहायचा वेग मला माहीत आहे.

वाचनालयाने आम्हाला दोनदा तारीख पुढे ढकलून दिली. पुढच्या महिन्यातली तिसरी तारीख आता बदलता येणार नाही, असं त्यांनी कळवलं आहे. दोन प्रवेश बसले आहेत. पडदा, टेबलं, पलंग तयार आहेत. मुलांची वाक्यं पाठ आहेत. तिसरा प्रवेश लिहायचा राहिला आहे.