चौथ्या पानावरची चूक

बाईंना स्वतःच्याच लेखातली चूक सापडली, तेव्हा त्या वर्गात दाखवायला एक सोपं उदाहरण शोधत होत्या. संगणकशास्त्राच्या प्राध्यापक म्हणून त्यांचं नाव झालं ते या बारा वर्षांपूर्वीच्या लेखामुळे. अनेक यंत्रांवर एकाच वेळी चालणारा प्रोग्रॅम कधीच अडकून पडणार नाही, हे त्यात सिद्ध केलं होतं. चौथ्या पानावर मात्र एक शक्यता विचारात घ्यायची राहून गेली होती. बाईंनी छोटा प्रोग्रॅम लिहून चालवला. सतराव्या फेरीला तो अडकला.

विभागप्रमुखांनी ऐकून आधी दार लावून घेतलं. "पुढच्या महिन्यात विभागाचं मूल्यांकन आहे. बारा वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही. अजून थोडं थांबलात तर काय बिघडेल?"

"माझ्या लक्षात आलंय ना."

"लेख मागे घेतलात तर प्रयोगशाळा हातची जाईल."

बाईंनी पर्समधून किल्ली काढून त्यांच्या टेबलावर ठेवली.

घरी येऊन त्यांनी आपल्या जुन्या विद्यार्थिनीला फोन लावला. तिचा अख्खा प्रबंध या लेखावर उभा होता.

"बाहेरून कळण्याआधी माझ्याकडून ऐक," म्हणत त्यांनी सगळं सांगितलं.

"मॅडम, याच आठवड्यात माझ्या बढतीची मुलाखत आहे."

"माहीत आहे."

तिने फोन ठेवून दिला.

भाजी चिरता चिरता नवरा म्हणाला, "मी असतो तर गप्प बसलो असतो."

"म्हणून तर तुला विचारत नाहीये," बाई म्हणाल्या आणि लेख मागे घेत असल्याचं पत्र नियतकालिकाला पाठवून मोकळ्या झाल्या.

प्रयोगशाळा गेली. जिन्याखालची खोली मिळाली. तिथे एक बंद पडलेलं झेरॉक्स मशीन आधीच मुक्कामाला होतं. परिषदांची आमंत्रणं आटली. बाईंनी मशीनवर पुस्तकं रचली आणि काम सुरू ठेवलं.

चार महिन्यांनी विद्यार्थिनी दारात उभी राहिली. "बढती हुकली. राग गेलेला नाही माझा."

"जायलाच हवा असं कुठंय? बस."

"यंत्रं किती आहेत हे आधी ठाऊक असेल, तर तुमची सिद्धता टिकते. मी तपासलंय."

दोघी तीन तास कडाकडा भांडल्या, मग वर्षभर खपल्या. नव्या लेखाची सुरुवातच होती, 'आमचा आधीचा निष्कर्ष चुकीचा होता.'

मसुदा वाचून विभागप्रमुख म्हणाले, "हे वाक्य तळटीपेत घाला की."

बाईंनी ते उचललं आणि थेट शीर्षकाखाली नेऊन ठेवलं.