जयसिंगरावांची पेटी

कस्तुराबाईंनी मधमाश्यांच्या पेटीतली तिसरी चौकट उचलली आणि उन्हात तिरकी धरली. शेजारी त्यांचे धाकटे दीर जयसिंगराव श्वास रोखून उभे होते. दीड महिन्यापूर्वी चामराजपेटेतल्या या गच्चीवरून निम्म्या माश्या जुन्या राणीला घेऊन उडून गेल्या होत्या. मागे नवी राणी झाली की नाही, हे बघायला आज त्यांना वहिनीची आठवण झाली. वहिनींनी माहेरी, खानापूरला, वडिलांच्या पेट्या सांभाळलेल्या.

गरज पडली की बरी आठवण होते! लेकीला, पवित्राला, पसंत करून गेलेल्या निपाणीच्या पाहुण्यांना याच माणसानं फोनवर सांगितलं होतं, पोरीला फिट येते. लहानपणी तापात एकदा आली होती, तेवढीच. ठरलेलं लग्न मोडलं. कस्तुराबाई तेव्हा भांडल्या नाहीत. डूख मात्र धरला.

"अंडी दिसतायत की ओ, वहिनी!" जयसिंगराव वाकून म्हणाले. "म्हणजे राणी हाय न्हवं?"

अंडी होती. पण मेणाच्या एकेका घरात तीन-चार, कडेला कशीही चिकटवलेली. राणी एका घरात एकच घालते, बरोबर तळाशी. राणी नसली की कामकरी माश्या असा पसारा मांडतात आणि त्यातून नुसते नर निघतात. कुठून तरी राणी आणून सोडली तर कदाचित निभावलं असतं. नाहीतर पेटी पावसाळ्याच्या आत ओस पडणार.

त्यांनी चौकट अलगद जागेवर बसवली.

"अंडी भरपूर आहेत, भाऊजी. आता स्वल्प दिवस उघडू नका."

जीव कसा थंडावला! रोज सकाळी चहाचा कप घेऊन हा इथं बसेल आणि रोज माश्या कमी दिसतील. दिसोत. आपलं माणूस डोळ्यांदेखत उजाड होताना कसं वाटतं, ते कळू दे एकदा.

जयसिंगरावांनी झाकण लावलं आणि उगाच रुमालानं हात पुसत राहिले.

"सरी, चालतंय. मग संध्याकाळी माश्या आत आल्या की पोचवतो तुमच्याकडं," ते खाली बघत म्हणाले. "पवित्रासाठी हाय ही. तिला लई वेड माश्यांचं. त्या वेळी चुकलं माझं, वहिनी. आता बिनराणीची पेटी तिच्या गळ्यात मारली असं नको, म्हणून आधी तुम्हाला दाखवली."

मेल्यानं सूडसुद्धा सुखानं घेऊ दिला नाही.

कस्तुराबाई जिन्यापर्यंत गेल्या, थांबल्या, परत आल्या.

"उघडा ते झाकण," त्या खेकसल्या. "मघाशी नीट बघितलं नाही मी."