निळ्या ड्रममधला मासा

मी एक जुना निळा ड्रम आहे. हसू नका, मित्रांनो! फाटकी छत्री बोलायला लागली की तुम्ही डोळे पुसता, आणि ड्रम बोलला की खिदळता. ऐका जरा. इतकी वर्षं मी ओरडतोय, पण मला तोंड आहे ते वरच्या बाजूला, आणि त्यावर घट्ट झाकण!

नवा होतो तेव्हा काय तुकतुकीत होतो! वाटलं, आपल्यात आता सरबत भरणार, गेलाबाजार लोणचं तरी. भरलं काय, तर फॉर्मालिन! प्लायवुडचा गोंद बनवायला लागतं ते. कामणच्या एका गोदामात माझी रवानगी झाली. माझ्या पोटावर कवटीचं चित्र होतं, चांगलं ठळक. त्याच्यावर लोक रुमाल वाळत घालायचे.

तिथे दिनानाथकाका माझं झाकण उघडत. उघडलं की डोळ्यांतून धारा! तोंडाला फडकं बांधलं की झालं संरक्षण. नवा माणूस खोकला की काका म्हणायचे, "होते सवय. मला बघ, आता वासच येत नाही." अहो काका, वास कुठे गेला? तुमचं नाक गेलं! मी आतल्या आत किंचाळायचो. पुढे त्यांच्या नाकातून रक्त यायला लागलं. "उष्णता वाढली," म्हणत ते कांदा हुंगत राहिले. मग यायचेच बंद झाले. नाकामागे, घशाच्या वर कॅन्सर झालाय, अशी गोदामात कुजबुज झाली. माझ्यामुळेच का, ते मला ठाऊक नाही. पण फॉर्मालिनच्या वाफेने तसला कॅन्सर होऊ शकतो, हे डॉक्टरांना ठाऊक आहे. आणि त्या गोदामाला खिडकी एकच होती. तीही बंद.

रिकामा झाल्यावर मी भंगारात गेलो. भंगारवाल्याने कवटी खरवडून काढली, आत पाणी फिरवलं, आणि मी एकदम 'चांगला ड्रम' झालो!

होळी गावच्या फ्रान्सिसदादांनी मला टेम्पोत घालून घरी आणलं. त्यांची भाजीची वाडी. विहिरीचं पाणी खारट झालेलं, म्हणून टँकरचं पाणी प्यायला साठवायचं होतं. त्यांनी मला साबणाने घासलं, लिंबं चोळली, उन्हात उलटा ठेवला. माझ्यावर एवढी माया कुणीच केली नव्हती. पण माझं प्लॅस्टिक वर्षानुवर्षं ते विष पिऊन बसलंय, ते लिंबाने कसं जाणार?

पाणी भरलं. त्यांची नववीतली मुलगी जेनिफर तांब्या घेऊन आली. झाकण उघडलं आणि ती मागेच सरकली.

"डॅडी! आमच्या लॅबमध्ये बरणीत साप आहे ना, त्याचा वास येतोय!"

"सापाचा?"

"तो ज्याच्यात बुडवलाय त्याचा! फॉर्मालिन! सुरुची मॅडम बरणी उघडूच देत नाहीत. म्हणतात, कॅन्सर होऊ शकतो."

"तुझ्या मॅडमना सांग, मी लिंबू लावलंय."

"मी तेव्हाच म्हटलं होतं, नवा घे," आतून जेनिफरच्या आईचा, लुसीकाकूंचा आवाज आला.

"आमच्या घरची रीत आहे," फ्रान्सिसदादा म्हणाले. "आधी मासा सोडायचा. जगला तर पानी चांगलं."

आणि खरंच, विहिरीतला एक बोटभर मासा पकडून त्यांनी माझ्यात सोडला! मी रात्रभर देवाकडे काय मागितलं माहितीये? मासा मरू दे. केवढं हे पाप! पण करू काय?

सकाळी मासा शेपटी हलवत मजेत फिरत होता.

"बघ बाय, नाचतोय!"

माझं डोकंच फिरलं. अरे, मी साप असतो तर बरं झालं असतं! साप चावला की माणूस धावत सुटतो. माझं विष वर्षानुवर्षं गप्प बसतं, आणि तुम्ही एका रात्रीत माझी परीक्षा घेता? तीही माशाकडून?

जेनिफरने कमरेवर हात ठेवले. "तो एक रात्र राहिला, डॅडी. आपण रोज पिणार आहोत."

"आण ग्लास. मी पितो पहिला!"

"तू नको. ऑस्टिनला दे," जेनिफर म्हणाली.

ऑस्टिन तिचा चार वर्षांचा भाऊ. टाचा उंचावून माशाला हाका मारत होता. "मला! मला!" म्हणत त्याने आपला लाल कप पुढे केला. फ्रान्सिसदादांनी कप भरला, वाकले, आणि त्यांचा हात तिथेच थांबला. त्यांनी कप स्वतःच्या नाकाशी नेला. मग मोरीत ओतला.

"देऊन टाकतो परत भंगारात," ते पुटपुटले.

झालं! म्हणजे परत साबण, परत लिंबू, आणि आचोळ्याच्या कुठल्यातरी गॅलरीत परत मी!

"आणि तिथून जो नेईल, त्याच्या घरी ऑस्टिन नसेल?" जेनिफरने विचारलं.

फ्रान्सिसदादांनी मासा विहिरीत सोडला, मला आडवा केला आणि पहार आणली.

मित्रांनो, बाकीच्या वस्तू तुम्हाला सांगतात, आम्हाला जपा. मी सांगतो, मला फोडा! माझ्यासारखा ड्रम स्वस्तात दिसला, तर आधी विचारा, याच्या पोटात काय होतं? उत्तर मिळालं नाही, तर त्यात घोटभरही पाणी साठवू नका. आणि माशाला बिचाऱ्याला विहिरीतच राहू द्या.

पहारीचा पहिला घाव बसला, तेव्हा दुखलं का? छे! पहिल्यांदाच कुणीतरी माझं ऐकलं होतं.