भाव पाडायला आणलेली काठी

मी काठी बोलतेय. पण लगेच माझ्याकडे आदरानं पाहू नका. कुणाच्या म्हातारपणाचा आधार व्हावा म्हणून मला कुणी घेतलं नव्हतं. मला घेतलं ते एका नव्या फ्लॅटचा भाव पाडायला.

जन्म माझा काशीतला. खोजवा मोहल्ल्यात लाकडी खेळणी करणाऱ्या एका कारागिरानं मला घडवलं, मुठीला लाखेचा लाल रंग दिला. माझ्या बहिणी खऱ्याखुऱ्या म्हाताऱ्यांच्या हाती गेल्या आणि देवळांत, घाटांवर हिंडू लागल्या. आपलाही नंबर लागेल असं मला वाटायचं. लागला, पण असा!

एका दुपारी यज्ञेश दुकानात आला. बँकेत नोकरी, मंगला गौरीच्या देवळाजवळच्या गल्लीत भाड्याचं घर, आणि ते रिकामं करा म्हणून मालकाचा तगादा. शहराबाहेर नव्या बांधलेल्या इमारतीत एकच फ्लॅट उरला होता, पहिल्या मजल्यावरचा. खालचा मजला म्हणून बिल्डर दोन लाख जास्त मागत होता, आणि नेमके तेवढेच यज्ञेशकडे नव्हते. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही. म्हणून त्यानं दुसरं सोंग आणायचं ठरवलं.

घरी येऊन त्यानं मला आईच्या, लीलाबाईंच्या, हातात दिलं.

"मला कशाला रे ही? पंचगंगा घाटाच्या पायऱ्या मी अजून न थांबता चढते."

"फक्त उद्यापुरती, आई. खालचं घर आम्ही शौक म्हणून नाही, मजबुरी म्हणून मागतोय, असं बिल्डरला दिसलं पाहिजे."

लीलाबाईंनी एकदा मुलाच्या तोंडाकडे पाहिलं. झोप नसलेलं, ओढलेलं तोंड. मग त्यांनी माझी मूठ हातात घट्ट धरली.

बिल्डरचं नाव मोहन. नव्या इमारतीच्या तळमजल्यावरच त्याचं ऑफिस. लीलाबाई लंगडत आत आल्या तसा तो उठून उभा राहिला, खुर्ची पुढे केली. मग घासाघीस सुरू झाली. काशीतल्या मराठी घरांची एक जुनी खोड आहे. बाजारात भाव हिंदीत करायचा आणि बेत मराठीत. मराठी म्हणजे जणू कडी लावलेली खोली!

"देखिए भाईसाहब, फर्स्ट फ्लोर का रेट सबके लिए एक है," मोहन म्हणाला.

"माताजी की हालत तो देखिए," यज्ञेश म्हणाला.

मोहनच्याच समोर सूनबाई मालविका सासूला म्हणाली, "आई, जरा कण्हा ना. आणि पाय पुढे घ्या, सुजल्यासारखा वाटू दे."

लीलाबाई कण्हल्या. बेतानं, पण कण्हल्या. मला लाकडाला कान असल्याची लाज वाटली.

मोहन मान खाली घालून चहात चमचा फिरवत राहिला. बऱ्याच वेळानं म्हणाला, "ठीक है. माताजी के लिए दो लाख छोड़े."

ऑटोत बसल्यावर यज्ञेश लहान मुलासारखा खुलला. लीलाबाई मात्र बाहेर बघत राहिल्या. मंगला गौरीच्या देवळाशी उतरल्या आणि मला पायरीशी ठेवून आत गेल्या. परतल्या तेव्हा डोळे ओले होते. "ज्या पायांसाठी रोज तिच्यापुढे हात जोडते, त्यांच्याबद्दलच आज खोटं बोलले," एवढंच म्हणाल्या.

उद्यापुरती आणलेली मी, पण कसली सुटका! नव्या घरात जायचं तर मोहनच्या ऑफिसवरूनच जावं लागे. "रजिस्ट्री होईपर्यंत काठी सोडू नकोस, आई," यज्ञेश म्हणाला. रजिस्ट्री झाली. मग म्हणाला, "आता रोज तोंड दाखवायचंय मोहनला. एकदम बरी कशी होशील?"

सुरुवातीला लीलाबाई फाटकापर्यंत लंगडत, आणि वळणावर गेल्या की मला काखेत मारून झपझप चालत. मला तेव्हा फार मजा वाटे. पण चोरून चालायचं तरी किती? मग त्या खाली उतरायच्याच कमी झाल्या. कार्तिकातलं पंचगंगेचं स्नान चुकलं. पुढच्या वर्षीही चुकलं. दिवसभर खिडकीशी बसून राहत. हळूहळू माझ्यावरचा भार वाढत गेला, आणि एक दिवस मला कळलं की हा भार आता खोटा नाही. डॉक्टर म्हणाले, "चलना छोड़ दिया, इसलिए घुटने जकड़ गए."

यंदा कार्तिकात लीलाबाईंनी हट्टच धरला. यज्ञेश आणि मालविका त्यांना घेऊन खाली उतरले, तर मोहन ऑफिस आवरत होता. दुसरीकडे त्याची नवी इमारत उभी राहत होती, तिकडे तो निघाला होता. तो पुढे आला, लीलाबाईंच्या पायांना हात लावला आणि म्हणाला, "माई, येतो मी."

मालविकाच्या हातातली पिशवी गळाली. "आपको मराठी आती है?"

"मंगला गौरी के पीछे ही बचपन गया है, भाभीजी. गली में आधे घर मराठी थे. बोलायला कच्चा आहे, समजतं सगळं."

"उस दिन भी?" यज्ञेशनं विचारलं.

"उस दिन भी," मोहन हसला. "मेरी अम्मा होतीं, तो मेरे लिए यही नाटक करतीं. इसीलिए तो छोड़ दिए." मग माझ्याकडे पाहून त्याचं हसू मावळलं. "लेकिन माई, बाद में आप सचमुच लंगड़ाने लगीं. मुझे बहुत बुरा लगा."

म्हणजे ज्याच्यासाठी हे सगळं सोंग चाललं होतं, त्याला ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

लीलाबाईंनी मला भिंतीला टेकवलं. साडी सावरली आणि एकट्याच फाटकाकडे निघाल्या. दोन पावलं टाकली, तिसऱ्याला गुडघा लचकला आणि त्यांचा हात मागे आला, मला शोधत. यज्ञेश धावला. मला उचलून त्यानं त्या हातात दिलं आणि तिथंच आईच्या पायाशी बसून रडायला लागला.

"ऊठ रे," त्या म्हणाल्या. "स्नानाला उशीर होतोय."

आता मी पंचगंगेच्या सगळ्यात वरच्या पायरीवर आहे. लीलाबाई मुलाच्या खांद्यावर हात ठेवून एकेक पायरी उतरताहेत. वाचकहो, तुमच्या घरी कुणी धडधाकट म्हातारं माणूस असेल, तर कुठल्याही फायद्यासाठी त्याच्या हातात माझ्यासारखी देऊ नका. मी तर गंगेला एवढंच म्हणतेय, की परत येताना त्यांनी मला इथंच विसरावं. पण यज्ञेश पुन्हा पुन्हा मागे वळून बघतोय, मी जागेवर आहे ना म्हणून.