लानेवेलच्या शाळेतला डावा बूट

मी डाव्या पायाचा बूट आहे, मित्रांनो. लाकडाचा आहे आणि पुष्कळ जुना आहे. माझ्या जोडीचा उजवा बूट झिजून कधीच चुलीत गेला असेल. मी टिकलो, कारण मी पायात फक्त एकच सकाळ होतो. टिकण्याचं हे कारण काही अभिमानाचं नाही.

तुडी केर्मारेक नावाच्या कारागिरानं मला बीच नावाच्या झाडाच्या ओल्या लाकडातून कोरलं. फ्रेंच मुलखाच्या पश्चिम टोकाला ब्रिटनी आहे, तिथल्या लानेवेल गावात चौकामागं त्याचं दुकान होतं. गावातल्या निम्म्या पायांत त्याच्या हातचे बूट असायचे. पण मला करताना तो सावकाश काम करत होता, कारण मी त्याच्या मुलीसाठी होतो. मारित तेव्हा सहा वर्षांची होती आणि दुसऱ्या दिवशी प्रथमच शाळेत जाणार होती. तिच्या टाचेवर एक फोड होता. तो दुखू नये म्हणून तुडीनं माझ्या आतला तेवढा भाग अंगठ्यानं चाचपून चाचपून गुळगुळीत केला. त्या जागेवर अजूनही बोट ठेवलं तर कळतं.

शाळेत एक नियम होता. मुलांनी फ्रेंचच बोलायचं, घरची ब्रेतों भाषा शाळेच्या फाटकाबाहेर ठेवायची. जो ब्रेतों बोलेल त्याच्या गळ्यात एक वस्तू अडकवत. ती काढायचा मार्ग एकच होता. दुसरं कुणी ब्रेतों बोलताना सापडलं तर त्याचं नाव बाईंना सांगायचं आणि वस्तू त्याच्या गळ्यात घालायची. शाळा सुटताना ज्याच्या गळ्यात ती असेल, त्यानं मागं राहून सगळे वर्ग झाडायचे. आधी ती वस्तू म्हणजे पाटीचा एक तुकडा होता. तो नेमका मारितच्या पहिल्याच सकाळी फुटला.

मारितला ब्रेतोंशिवाय काही येतच नव्हतं. तिनं शेजारच्या मुलीला नाव विचारलं, एवढंच. बाईंनी इकडंतिकडं पाहिलं, मग खाली वाकून मला तिच्या पायातून काढलं. माझ्या टाचेत भोक पाडलं आणि दोरी ओवली. वडिलांनी पोरीला चालायला दिलेला बूट तिच्याच गळ्यात आला. ती एका पायात बूट आणि दुसऱ्या पायात नुसता मोजा अशी चिखलातून घरी गेली.

दुसऱ्या दिवशी तुडी शाळेच्या दारात आला. टोपी हातात धरून उभा राहिला. बाई फ्रेंचमध्ये बोलत होत्या. त्याला त्यातलं काही समजत नव्हतं. तो माझ्याकडं बघत राहिला, मला पाडलेल्या भोकाकडं बघत राहिला, आणि मान लववून निघून गेला. मारितला त्यानं नवा डावा बूट करून दिला.

बाई वाईट नव्हत्या. फ्रेंच आलं तर ही पोरं टपाल खात्यात, रेल्वेत लागतील, शेणाचिखलातून सुटतील, असं त्यांना मनापासून वाटायचं. त्यांची स्वतःची आई दोन गावं पलीकडं राहायची. जत्रेच्या दिवशी ती फाटकाशी आली की बाई तिच्याशी हळूच ब्रेतोंमध्ये बोलायच्या. मुलांना ते ऐकू जायचं. मलाही जायचं. पण बाईंच्या गळ्यात मला कोण घालणार?

मित्रांनो, पुढं मी कितीतरी गळ्यांत होतो. पोरं हुशार झाली होती. एकमेकांच्या पायावर मुद्दाम पाय द्यायची, म्हणजे कळ आली की तोंडून घरचाच शब्द निघतो. पण त्या सगळ्यांत एका दिवसाचंच मी तुम्हाला सांगणार आहे.

मारितनं पहिल्या दिवशी जिला नाव विचारलं होतं, ती नाइग. दोघी एका बाकावर बसत, एका डब्यातला पाव खात. दहा वर्षांच्या झाल्या तेव्हा नाइगचा मोठा भाऊ एओझेन कॅनडाला लाकूडतोडीच्या कामाला निघाला. चार वाजता चौकातून लॉरी सुटणार होती. सगळं गाव निरोपाला जमणार होतं. त्या आठवड्यात मी सलग तीन दिवस मारितच्या गळ्यात होतो. दोरीनं तिच्या मानेला वळ उठला होता. नाइगनं तो पाहिला आणि वाकून हळूच ब्रेतोंमध्ये विचारलं, “दुखतंय का गं?”

मारितनं हात वर केला.

त्या संध्याकाळी नाइग वर्ग झाडत होती आणि मी तिच्या छातीवर होतो. चौकात लॉरीचा भोंगा वाजला तेव्हा ती झाडू घेऊन खिडकीशी गेली. खिडकी उंच होती. भोंगा दुसऱ्यांदा वाजला, मग इंजिनाचा आवाज दूर गेला. ती रडली नाही. उरलेला वर्ग तिनं झाडून काढला. एओझेनची पत्रं तीन हिवाळे आली. मग थांबली. जंगलात झाड अंगावर पडल्याचं नंतर कुणाकडून तरी कळलं.

पुढं काळ बदलला. नव्या बाई आल्या, त्यांनी मला माळ्यावर टाकलं. तिथं फाटक्या नकाशांत आणि उंदरांत मी जवळजवळ तीस वर्षं काढली. कुणाला माझी गरज उरली नव्हती, याचं मला वाईट वाटलं नाही. पण मुलं उरली नाहीत म्हणून शाळाच बंद झाली, तेव्हा मात्र वाटलं. त्या उन्हाळ्यात, एकोणीसशे एकोणऐंशी साली, माळा रिकामा केला आणि सगळं सामान रविवारी चौकात मांडलं. ज्याला जे हवं ते न्यावं.

म्हातारी माणसं टेबलाजवळ यायची, मला पाहायची आणि घड्याळ बघत निघून जायची. मला हात लावला तो एका परक्या बाईनं. तिचं नाव नेस्टा. ती वेल्सची, तिथल्या खेड्यांत घरोघर फिरणारी नर्स होती, आणि सुट्टीत एकटीच सायकलवरून ब्रिटनी पाहत हिंडत होती. तिनं विचारलं, हे काय आहे? लोकांनी हवापाण्याच्या गप्पा काढल्या. खाटीक म्हणाला, “फुलं लावा की त्यात. पॅरिसची माणसं तेच करतात.” नेस्टा हसली नाही. तिनं टाचेतल्या भोकातून करंगळी घातली आणि तशीच उभी राहिली.

ती उतरली होती नाइगच्या खानावळीत. तोवर नाइग बासष्ट वर्षांची विधवा झाली होती. तळमजल्यावर चहापाणी, वर तीन खोल्या. आदल्या दिवशी नाइगनं जेवणाला पाव ठेवला, तेव्हा नेस्टा सहज “बारा” म्हणाली होती. तिच्या भाषेत पावाला बारा म्हणतात. ब्रेतोंमध्येही बाराच म्हणतात. नाइगनं तिला दोनदा म्हणायला लावलं होतं.

नेस्टानं मला खानावळीत आणून टेबलावर ठेवलं. नाइगचा हात कपावरच थांबला.

“ते इथं नको,” ती म्हणाली.

नेस्टानं मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये सांगितलं की तिच्या आजीच्या शाळेत असंच होतं, फक्त बुटाऐवजी लाकडाची पट्टी होती. आजीनं मरेपर्यंत गळ्याशी काही सहन केलं नाही, थंडीत शालसुद्धा नाही. “तुमच्याकडं बूट होता का?” तिनं विचारलं. माझ्याकडं पाठ करून नाइगनं दूध चुलीवर ठेवलं.

तेवढ्यात मारित अंडी घेऊन आली. ती दर रविवारी आणि गुरुवारी यायची. गावात सगळ्यांशी नाइग ब्रेतोंमध्येच बोलत असे, कोंबड्यांशीसुद्धा. फक्त मारितशी ती फ्रेंच बोले, आणि तेही अहोजाहो करून. बावन्न वर्षं हे असंच चाललं होतं.

“नमस्कार, मादाम,” नाइग म्हणाली. “अंडी तिथं ठेवा.”

मारितनं टोपली ठेवली नाही. ती माझ्याकडं बघत होती. मग पुढं येऊन तिनं माझ्या आत बोट घातलं आणि बाबांनी गुळगुळीत केलेली जागा शोधली.

“हा माझा आहे,” ती म्हणाली. हे ती ब्रेतोंमध्ये बोलली.

“मग घेऊन जा तुमचा,” नाइग फ्रेंचमध्ये म्हणाली. “नाहीतर चूल पेटलेलीच आहे.”

“घाल चुलीत. पण आधी ऐक.” मारित खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती. “लॉरी चारला सुटणार ते मला माहीत होतं. तुझं नाव सांगितलं तर तू अडकणार, हेही माहीत होतं. मला चौकात जायचं होतं.”

“मला ते सगळं माहीत आहे, मादाम.”

“पुढचं नाही माहीत तुला. एओझेननं मला विचारलं, नाइग कुठाय? मी म्हटलं, येतेय. त्यानं ड्रायव्हरला थांबवलं. तो दुसरा भोंगा वाजला ना, त्याच्या आधी. मग लॉरी निघाली, तर हा मागच्या फळीवर उभा राहिला. वळण येईपर्यंत शाळेच्या रस्त्याकडं बघत होता. मला तोंड नव्हतं गं तुला हे सांगायला. हे सांगायचं तर तुझं नाव मी मुद्दाम घेतलं, हेही सांगावं लागलं असतं.”

चुलीवरचं दूध उतू गेलं. कुणी तिकडं गेलं नाही. नेस्टाला शब्द समजत नव्हते, पण आजाऱ्याच्या उशाशी बसायची सवय असलेली ती बाई होती. ती हलली नाही.

मग नाइग बोलली, अजूनही फ्रेंचमध्येच.

“मला वाटायचं, जायच्या गडबडीत त्याला माझी आठवणसुद्धा झाली नाही. एका पत्रात त्यानं विचारलं होतं, तू का आली नाहीस? मी रागानं उत्तरच दिलं नाही.” मग तिनं मारितकडं पाहिलं. “मारित, तो थांबला होता?”

हे तिनं ब्रेतोंमध्ये विचारलं.

“थांबला होता,” मारित म्हणाली.

मित्रांनो, दोघींचं सगळं पूर्ववत झालं, असं मी सांगणार नाही. काही आठवडे नाइग मारितला टाळत होती. बावन्न वर्षांची जखम, ती एका दुपारी कशी भरणार? पण मारित आली की नाइग ब्रेतोंमध्येच बोलायची, कधी चिडून, कधी नुसतं “हं” म्हणून. हिवाळा आला तेव्हा मारित अंडी ठेवून लगेच जाईनाशी झाली. दोघी चुलीशी बसून एओझेनविषयी बोलत. आता त्याच्याविषयी बोलायला गावात दुसरं कुणी उरलंही नव्हतं.

नेस्टा त्या रविवारच्या दुसऱ्या सकाळीच निघून गेली होती. त्याआधी, त्याच रविवारी मारित अजून तिथं असताना, तिनं मला नेण्याची परवानगी विचारली, तेव्हा दोघी एकदमच नाही म्हणाल्या. मला चुलीत घातलं नाही, आणि माझ्यात फुलंही लावली नाहीत. खानावळीच्या खिडकीत मला ठेवलं. पुढं त्या दोघीही गेल्या. आता खानावळ नाइगची नात चालवते.

इथं उन्हाळ्यात प्रवासी येतात. माझी गोष्ट ऐकून बहुतेक जण गप्प होतात. एखादा मात्र हसत हसत दोरी गळ्यात घालतो आणि सोबत्याला फोटो काढायला सांगतो. मित्रांनो, तुम्ही कधी लानेवेलला आलात तर मला खुशाल हातात घ्या. आत बोट घालून तुडीच्या अंगठ्याची जागा शोधा. मला ते फार आवडतं. फक्त गळ्यात घालू नका, गंमत म्हणूनही नाही. आणि तुमच्या शेजारच्या बाकावर कुणी नवं पोर येऊन बसलं, आणि त्याच्या घरच्या बोलीत त्यानं तुमचं नाव विचारलं, तर हात वर करू नका. त्याला तुमचं नाव सांगा.