डाव्या अंगठ्याचा व्रण

नानांच्या तेराव्याचे पाहुणे गेले आणि शहापूरच्या घरात मी एकटी उरले. त्यांची पत्र्याची पेटी उघडली, तर तळाशी हजेरीपत्रकाची काही पानं होती, त्र्याऐंशी सालची. मुरबाडकडे कालव्याचा बोगदा खणत होते, तेव्हा नाना तिथे हजेरी कारकून होते. एकदा बोगदा ढासळला. आत कोणी नव्हतं, असं वरच्यांनी जाहीर केलं. पानांवरही तसंच होतं: पाच मजूर त्यानंतर आठवडाभर हजर, मग ‘काम सोडून गेले’. पाचही नावांपुढे रोजचा अंगठा.

ढासळल्यानंतरचे सगळे अंगठे एकाच माणसाचे होते. मधोमध तिरका व्रण. विळ्यानं कापलेला नानांचा डावा अंगठा मी जन्मभर पाहिला होता.

मी तेव्हा आठ वर्षांची. नाना लिंबू-मीठ लावून जांभळा अंगठा घासत बसले होते. “नाना, तुम्हाला सही येत नाही?” म्हणून मी हसले. तेही हसले होते.

पुढे सत्तेनं दडवलेल्या गोष्टींची पुस्तकं वाचायची मला ओढ लागली. जेवताना तावातावानं सांगायचे, “नाना, कुणीतरी साधा माणूस गप्प बसतो, म्हणून हे जमतं.” ते ऐकून घेत आणि ताट उचलून मोरीवर जात.

दुसऱ्या दिवशी सकाळी एसटीनं मुरबाड, पुढे जीपनं पाडा. पानावर पहिलं नाव बुधूचं होतं, पुढे त्याच्या पाड्याचं. त्याची मुलगी मालू उंबऱ्यात वालाच्या शेंगा सोलत होती.

“हाफिसातल्या का तुमी?”

“नाही. एक जुना कागद सापडला.”

मी सांगत होते, तिचे हात चालूच होते.

“म्हंजे बा पलाला नाय?”

“नाही. आतच राहिला.”

“आय कुकू लावूनच मेली. बाया पान्यावर बोलायच्या, हिचा दादला दुसरी घेऊन गेला. मी पन आयला तेच बोलले, भांडनात.”

तिनं कागद उन्हात धरला. “मंग ह्ये अंगठं कोनाचं?”

“माहीत नाही,” मी म्हणाले.

तिनं दिलेलं पाणी पिऊन मी नाक्यावर आले. जीप भरत होती. “ताई, एकच सीट हाय, बसा की,” ड्रायव्हर म्हणाला. माझा एक पाय आत होता. ‘माहीत नाही’ असं मी किती सहज बोलले होते, आणि वर तिचं पाणीही प्यायले होते.

मी परत फिरले.

मालू तिथंच बसली होती. शेंगा आता तशाच पडून होत्या.

“ते अंगठे माझ्या वडिलांचे आहेत.”

तिनं मान वर केली. “हाय का तो?”

“काल तेरावा झाला.”

“म्हंजे तुमचं सुतक फिटलं,” ती उठत म्हणाली. “आमचं आज लागलं.”

आत जाऊन तिनं पेटत्या चुलीत पाणी ओतलं. बाहेर येऊन म्हणाली, “जाऊ नको तू. मानसं येतील शेतावरनं. त्यांना सांग. नाव घेऊन सांग.”

मी उंबऱ्याबाहेर, जमिनीवर बसले.