प्रतीक्षा यादीत पहिली

सोडतीची यादी मोबाईलवर आली तेव्हा मैत्री चाकणच्या कंपनीत जेवणाच्या सुट्टीत होती. काळेवाडीतल्या भाड्याच्या खोलीत अकरा वर्षं काढून झाली होती आणि घरासाठीचा हा पाचवा अर्ज. घर लागलं नव्हतं, पण प्रतीक्षा यादीत तिचा नंबर पहिला होता. म्हणजे ज्याला घर लागलं तो गळाला, तर ते तिचं. त्याचं नाव होतं कुलदीप कोंडीराम ओव्हाळ.

पुढचे चार महिने तिने ते नाव रोज वाचलं. कंपनीच्या बसमध्ये बसली की यादी उघडायची आणि मनात म्हणायची, याचं काहीतरी अडू दे. एखादा दाखला कमी पडू दे. याहून वाईट तिने काही चिंतलं नव्हतं.

अखेर पत्र आलं. तिच्या नवऱ्याने, संघर्षने, अख्ख्या गल्लीत पेढे वाटले आणि दोघं नव्या घरात राहायला गेले.

एका रविवारी दुपारी बेल वाजली. दारात एक म्हातारी, तीन जिने चढून धापा टाकत.

"कुलदीपचं घर ह्येच का गं?"

मैत्रीने दार पुरतं उघडलं.

"मी त्याची आई, चिमाबाई. राजगुरुनगरहून आले. घर लागलं आन् पंध्रा दिसांनी हायवेवर ट्रकनं उडवलं त्येला. वारसाचे कागद येळंत झाले न्हाईत. घर तुमचंच हाय बाई. निस्तं बघून जाते."

मैत्रीने तिला आत घेतलं. पंधरा दिवस. त्या पंधरा दिवसांत आपण 'याचं काहीतरी अडू दे' असं किती वेळा म्हटलं असेल, ते ती आठवू लागली. चिमाबाई भिंतीवरून हात फिरवत खोलीतून खोलीत गेली. मैत्रीला राहवेना.

"आजी, मी त्यांचं नाव रोज..."

"वळखत व्हतीस व्हय त्येला? एकाच कंपनीत?"

म्हातारीचा चेहरा असा उजळला की मैत्री "हो" म्हणून गेली.

"कसा व्हता गं कामावर? घरी लई बोलायचा न्हाई."

"हसतमुख होते. डब्यातलं सगळ्यांना द्यायचे."

मग चिमाबाई दर महिन्याला येऊ लागली आणि मैत्री दर वेळी नवं काही सांगू लागली. कंपनीच्या बसमध्ये ती त्याच्यासाठी शेजारची जागा मोकळी ठेवू लागली. एकदा संघर्षबरोबर चहा पिताना सहज म्हणाली, "कुलदीपना आलं घातलेलं आवडायचं."

संघर्षने कप खाली ठेवला. "तू त्या माणसाला कधी पाहिलंसुद्धा नाहीस. त्या आजींना खरं सांगून टाक."

"सांगते," ती म्हणाली.

पुढच्या खेपेला चिमाबाईने पिशवीतून फोटोची काचेची चौकट काढली. "ह्यो हितंच ऱ्हाऊ दे. त्येचं घर व्हतं."

चष्मा लावलेला, ओठ घट्ट मिटलेला एक माणूस. मैत्रीने मनात रंगवलेल्या चेहऱ्याशी त्याचं काहीच जुळत नव्हतं.

"आजी, मला तुम्हाला एक सांगायचंय."

"फोटूत कदी हसलाच न्हाई," चिमाबाई काचेवरची धूळ पदराने पुसत म्हणाली. "मला वाटायचं, माझा लेक सुखाचा न्हाईच. तू सांगितलंस तवा कळलं, हसायचा त्ये. काय म्हनत व्हतीस?"

मैत्रीने संघर्षकडे पाहिलं. तो उठला आणि हातोडी शोधायला आत गेला.

"चहा टाकते, म्हणत होते," मैत्री म्हणाली.